राखणीची डबी

आमच्या वाडीत तिला सगळे आत्याबाईंची डबी म्हणतात. पण ती घेतली मी, माझ्या हौसेसाठी घेतली, आणि तेव्हा आत्याबाईंनी तिच्याकडं बघून नाक मुरडलं होतं, हे आधी सांगून टाकते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. श्रेय कुणाला जावं याबद्दल मी भांडत नाही, पण डबीचा चार्जर अजून माझ्या ट्रंकेत असतो.

माझं माहेर भोरचं. वडील कचेरीत नोकरीला होते आणि आमच्याकडं हळू बोलायची शिस्त होती. घरातला शब्द उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, असं ते म्हणायचे. लग्न होऊन मी राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या जवळच्या वाडीत आले, तर इथं उंबऱ्याबाहेर जात नाही त्याला कुणी शब्दच म्हणत नव्हतं. आत्या घरासमोरच्या ओट्यावर उभ्या राहून ओढ्यापलीकडच्या माणसाला जेवायला हाक मारायच्या आणि तो हातातलं काम टाकून यायचा. मी काही विचारलं की त्या शेजारणीला म्हणायच्या, ही भोरकरीण बोलती का कुजबुजती तेच कळत न्हाई. पहिली काही वर्षं मला याचं रडू यायचं. पुढं राग यायला लागला आणि मग सवय झाली.

डबी घेतली ती भावाच्या घरी सत्यनारायणाला गेले होते तेव्हा. भोरच्या बाजारपेठेत मोबाईलच्या दुकानात काचेमागं ती दिसली. हातात मावेल एवढी, पुढं छोटा पडदा, मागं जाळीचा स्पीकर, वर धरायला कडी. दुकानदार म्हणाला, मावशी, ह्यात गाणी वाजतात, पिक्चर दिसतो, रेडिओ लागतो, आपला आवाजसुद्धा भरता येतो. मोबाईल घरात होता, पण आमच्याकडं रेंज म्हणजे पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढलं तर. चुलीपाशी बसून गाणं ऐकायचं सुख मी भोर सोडल्यापासून विसरले होते. लग्नानंतर फक्त स्वतःसाठी अशी मी घेतलेली ही पहिली वस्तू. दुकानदाराकडून कार्ड गच्च भरून घेतलं. जुनी गाणी, अभंग, एक लांबलचक कीर्तन आणि मारामारीचे तीन पिक्चर, ते त्यानं न विचारताच घातले.

घरी आल्यावर भाकऱ्या थापताना मी ती लावली. आत्या ओट्यावरून म्हणाल्या, "आदीच त्वांडातनं आवाज निगंना, आता त्यो बी डबीत भरून आणला का?" मी गाण्याचा आवाज थोडा वाढवला. मला राग आला की मी बोलत नाही, करून दाखवते. हा माझा गुण आहे की दोष, ते घरातली माणसं दिवस बघून ठरवतात.

आता वावराचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

आमचं वावर डोंगराच्या उताराला, भाताची खाचरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक. ही खाचरं आत्यांनी आणि सासऱ्यांनी मिळून पाडली. उतार फोडायचा, माती सपाट करायची आणि ती वाहून जाऊ नये म्हणून दगडांचा बांध घालायचा. सासरे गेले, पण बांधाचा एक दगड अजून हललेला नाही. आत्यांचे गुडघे मात्र गेले. त्यांना वावरापर्यंतची चढण जमत नाही. त्या ओट्यावर बसतात आणि तिथून जेवढं दिसतं तेवढं वावर बघतात.

गेल्या काही वर्षांत आमच्या आजूबाजूची बरीच वावरं एकेक करून शहरातल्या लोकांनी घेतली. त्यांनी भोवती तारा ओढल्या, फाटक लावलं आणि निघून गेले. आत गवत माणसाच्या डोक्याइतकं वाढलं. त्या गवतात रानडुकरांनी संसार थाटला. भाताचा दाणा भरायला लागला, दाबला की दुधासारखा चीक निघायला लागला, की डुकरं तारेखालून शिरतात. खातात थोडं आणि लोळून तुडवतात जास्त. आदल्या साली आमच्या वाट्याला भातापेक्षा पेंढा जास्त आला होता.

माझे मालक सारोळ्याला टेम्पो चालवतात. तिथंच राहतात आणि रविवारी घरी येतात. लावणी झाली त्या रविवारी त्यांनी मला गोठ्यामागं बोलावलं आणि हळूच सांगितलं, की शेजारचं वावर ज्यानं विकून दिलं तो माणूस आता आमच्या वावरासाठी भेटून गेलाय. यंदा डुकरांनी परत तसंच केलं तर दिवाळीनंतर सही करून टाकू. ते वाईट माणूस नाहीत. आठवडाभर टेम्पो चालवून एका सुट्टीत चिखल तुडवायचा, आणि पिकवायचं कुणासाठी तर डुकरांसाठी, याचा त्यांना वीट आला होता. मला ते समजत होतं. पण त्यांनी पुढं जे म्हटलं ते मला मानवलं नाही. म्हणाले, "आयेला सांगू नगंस. सही झाल्यावर म्या बघतो."

ज्या बाईनं बांध घातला तिला सगळ्यात शेवटी कळणार होतं. मी मनात ठरवलं की यंदाचं भात मी घरात आणणार, आणि सही होऊ देणार नाही.

राखणीला मी स्वतः बसायला लागले. खाचरांच्या मधोमध लाकडाच्या चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला आमचा माळा आहे, त्यावर. पत्र्याचा डबा बडवायचा, शेकोटी पेटवायची, हाळी द्यायची. माझी हाळी ऐकून शेजारचा म्हातारा म्हणाला, वहिनी, तुमी डुकराला जेवायला बोलावताय जनू. रात्रभर जागायचं आणि दिवसा पुन्हा घर, गुरं, आत्या. नाकी नऊ आले. तेव्हा मला डबी आठवली. मोबाईल काही कुणी रानात टांगून ठेवत नाही, पण डबी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्याला टांगली की ती माझ्याऐवजी जागी राहील. पिक्चर लावला तर पडद्याचा उजेडही हलता राहील, असा माझा हिशोब.

हिशोब बरोबर होता. माणसं चुकली. दिवेलागणीला मी पडद्याचं तोंड खालच्या खाचरांकडं करून पिक्चर लावला. आवाज ऐकून शेजारपाजारची राखणदार मंडळी बांधाबांधानं जमली. तोंड तिकडं असल्यामुळं कुणाला दिसेना. मग कुणीतरी डबी काढून वरच्या बांधावर ठेवली, कुणी शेंगा आणल्या, बायकासुद्धा आल्या. सगळी आळी पडद्याकडं तोंड आणि भाताकडं पाठ करून बसली, आणि त्यात मीही होते. पिक्चरमधली मारामारी संपेपर्यंत डुकरांनी खालच्या खाचराचा कोपरा साफ केला होता. सकाळी त्या तुडवलेल्या चिखलात उभं राहून एकजण म्हणाला, पन पिच्चर झाक व्हता. मला त्याला चिखलात बसवावंसं वाटलं.

त्या रविवारी मालकांनी कोपरा बघितला. ते विक्रीवाल्या माणसाला फोन करायला टाकीवर चढले.

मग मी कीर्तन लावलं. पिक्चर नको, उजेड नको, नुसता आवाज. पहिल्या दोन रात्री डुकरं फिरकली नाहीत आणि मला वाटलं जिंकलं. पण कीर्तन एकसारखं चालतं, एका लयीत, आणि डुक्कर काही मूर्ख नाही. तिसऱ्या सकाळी माळ्याच्या अगदी बुडाशी लोळल्याच्या खुणा होत्या. गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता, तशातली गत. मी खाली बसले आणि त्या तुडवलेल्या लोंब्या हातात घेऊन रडले. थकून रडले, आणि रागानं जास्त.

घरी आले तर आत्या ओट्यावर बसून कुणाच्या तरी म्हशीला झापत होत्या. म्हैस आमच्या वैरणीकडं निघाली होती. आत्या आधी एकदम कडाडल्या, मग गप्प झाल्या. म्हैस थांबली, वाट बघून पुढं सरकली, तशा त्या पुन्हा कडाडल्या, आणखी वरच्या पट्टीत. म्हशीनं शेपूट फिरवली आणि गेली. मी चूळ भरायला घेतलेला तांब्या तसाच हातात धरून उभी राहिले. वर्षानुवर्षं जो आवाज मी सोसला, तो माझ्या घरात फुकट पडून होता.

आवाज भरायचं बटण मला माहीत होतं. दुपारी डबी आत्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, आत्या, डुकरांना हाकला. त्यांनी डबीकडं पाहिलं, पदर सावरला, आणि फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ झाल्या. मग अगदी शहाण्यासारखं म्हणाल्या, "हाड हाड. जावा." माझ्या आवाजापेक्षाही हळू. मी म्हटलं, जोरात. त्या म्हणाल्या, डोळ्यांम्होरं कोन न्हाई आन वरडू कुनावर, याड लागलंय का मला? दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला. तेच. डुकरं डोळ्यांसमोर आणणं मला शक्य नव्हतं, आणि आत्यांना वावरात नेणं त्याहून शक्य नव्हतं. त्या म्हणाल्या, माजं गुडगं असतं तर तुजी डबी कशाला लागली असती. हे म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला आणि त्यांनी तोंड वावराकडं फिरवलं.

तेव्हाच मी ठरवलं. मालकांनी सांगू नको म्हटलं होतं, आणि त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही. हा मोडला. मुद्दाम मोडला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन. मी डबीचं बटण दाबलं, ती आत्यांच्या मांडीशी ठेवली आणि म्हटलं, आत्या, तुमचा मुलगा वावर विकणार आहे. दिवाळीनंतर सही आहे.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, खोटं बोलतेय का ते तपासलं. मग हातातली काठी जमिनीवर आपटून त्या उभ्या राहिल्या. त्या गुडघ्यांवर, कुणाच्या आधाराशिवाय. सारोळा ज्या दिशेला आहे तिकडं तोंड केलं आणि सुरू झाल्या.

"कोन रं त्यो? माज्या वावरात कोन शिरतंय? इचारलंस का मला? ह्यो बांध म्या घातलाय, दगडं डोक्यावर वाहून, तू पोटात असताना. तवा पोटात लाता मारायचास, आता वावराला मारतूस? हाऽऽड! व्हय भाईर. म्या जित्ती हाय अजून. म्या जित्ती हाय तवर ह्या बांधाच्या आत दुसऱ्याचं पाऊल पडायचं न्हाई. हाऽऽड!"

मधे श्वास घ्यायला थांबायच्या, खोकायच्या, आणि आठवलं की पुन्हा. कोंबड्या गोठ्यात पळाल्या. शेजारीण धावत आली, कुणाचं भांडण लागलं म्हणून. शेवटी आत्या खाली बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. मी बटण बंद केलं आणि त्यांच्याशेजारी बसले. आमच्यात जवळ बसायची पद्धत नव्हती. त्या दिवशी बसलो. डोळे पुसून त्यांनी विचारलं, भरलं का? मी म्हटलं, भरलं. त्या म्हणाल्या, मग जा आन लाव.

त्या संध्याकाळपासून आत्या माळ्यावर राखणीला बसल्या. डबी एकदा लावली की संपल्यावर आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायची. सुरुवातीचं माझं वाक्य इतकं हळू भरलं गेलं होतं की डबीला कान लावल्याशिवाय ते ऐकू येत नव्हतं. कडाडणं, मग शांतता, मग खोकला, मग अचानक आणखी मोठा आवाज. कधी काय येईल याचा डुकरांना अंदाज येईना. वर मी डबीची जागा रोज बदलायला लागले, आज माळा, उद्या वरचा बांध, परवा आंब्याची फांदी. सकाळी चार्जिंगला लावायची, संध्याकाळी नेऊन टांगायची. तारेपलीकडच्या गवतात हालचाल दिसायची, पण बांधाच्या आत खूर उमटला नाही. शेजारचा म्हातारा म्हणाला, वहिनी, डबीचं तोंड जरा आमच्या वावराकडं बी करा. मी केलं. आत्या रोज सकाळी मला विचारायच्या, काल म्या किती येळ वरडले? मी सांगायचे, दिवस उगवेपर्यंत. त्या समाधानानं म्हणायच्या, तरीच घसा दुखतोय.

रविवार आला. मालक सारोळ्याहून निघाले की फाट्यावर उतरून डोंगराच्या अंगानं चालत येतात. ती वाट आमच्या खाचरांमधूनच घरी उतरते. हे मला माहीत होतं. त्या दिवशी डबी मी वाटेच्या बाजूला, माळ्याच्या पुढच्या मेढीला टांगली, आणि स्वतः वरच्या बांधापाशी गवत कापत बसले. दिवस मावळायला आला होता.

ते बांधावर आले आणि आवाज सुरू झाला. "कोन रं त्यो? माज्या वावरात कोन शिरतंय?"

ते जागीच थांबले. माळ्यावर अंधारून आलं होतं, वर कोण आहे ते दिसत नव्हतं. "इचारलंस का मला?" त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. लहानपणी मार खायच्या आधी कसे उभे राहत असतील, तसे उभे राहिले. आवाज चालूच होता. बांध, दगड, पोटातल्या लाथा. हाऽऽड म्हटल्यावर ते खरोखर एक पाऊल मागं सरकले. मग आवाज थांबला, खोकला आला, आणि ते माळ्याकडं बघून म्हणाले,

"न्हाई इकत, आये. तू आदी खाली उतर. पाय घसरंल तुजा."

माझ्या हातातला विळा थांबला. मी गवतात तशीच बसून राहिले, कारण उठले असते तर रडले असते. ते चपला टाकून माळ्याकडं धावले, आईला उतरवायला. मेढीला हात लावला आणि आवाज पहिल्यापासून सुरू झाला. तेच शब्द, तोच खोकला. तेव्हा त्यांना प्लास्टिकची पिशवी दिसली.

मला वाटलं आता ते डबी काढून फेकतील. मी उठून उभी राहिले, फेकली तर उचलायला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तिला सांगितलंस?" मी म्हटलं, सांगितलं. माझा आवाज त्या वेळी वरच्या बांधावरून खालच्या वाटेपर्यंत स्पष्ट गेला. ते मेढीला टेकून खाली बसले आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं. मग उठून पिशवीची सैल झालेली गाठ घट्ट बांधली, दव पडतं म्हणून, आणि आम्ही घरी निघालो.

आत्या ओट्यावर होत्या. मुलगा आला की दर वेळी म्हणतात तसं पाय धू म्हणाल्या. वावराचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मालकांनीही काढला नाही. मी ताटं घेतली. पहिला घास घेतल्यावर आत्यांनी ताटाकडं बघतच विचारलं, "येताना डुकरं दिसली का रं?"

मालकांनी घास गिळला. म्हणाले, "एक आलं व्हतं, आये. तुजा आवाज ऐकून माघारी गेलं."

आत्यांनी मान हलवली. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "डबी तितंच राहू दे. गेलेलं डुक्कर परत येतं."

ती अजून तिथंच आहे. चार्जिंग मी करते.